पार्थिवाचे मर्म आणि प्रवरामाईचे पाणी

श्रावण सरतो, भाद्रपद लागतो. तृतीयेस माताभगिनी नदीची वाळू आणून हरितालिकेसाठी तिचे शिवलिंग करतात आणि दुसरे दिवशी, भाद्रपद शुद्ध चतुर्थीस, घरोघर मंगलमूर्तीचे आगमन होते. चौरंग मांडला जातो, समई पेटते आणि गुरुजी संकल्प सांगू लागतात. त्या संकल्पात ‘पार्थिव’ असा एक शब्द असतो. यजमान तो गुरुजींच्या मागून उच्चारतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. वास्तविक चतुर्थीच्या साऱ्या पूजेचे मर्म त्या एका शब्दात साठविलेले आहे. पृथिवीपासून झालेले ते पार्थिव. मातीची मूर्ती करावी, तिच्या ठायी प्राणांना आवाहन करावे, पूजा करावी, आणि उत्तरपूजेनंतर देवत्वाचे उद्वासन करून माती मातीला परत द्यावी, असा हा विधी आहे. देव कायमचा बसविण्याचा हा विधी नव्हे. येणे आणि जाणे ही दोन्ही त्याची अंगे आहेत आणि जाण्यासाठी माती विरघळावी लागते.

नेवाशाचे आमचे बिऱ्हाड प्रवरेपासून हाकेच्या अंतरावर. कीर्तनाच्या निमित्ताने नगर जिल्ह्यातील गावोगाव हिंडणे होते आणि गणेशोत्सवाचे दिवस आले की लोक आम्हांस एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. “बुवा, शाडूचीच मूर्ती हवी असे शास्त्रात कोठे लिहिले आहे? आणि बादलीत देव बुडविणे शास्त्राला धरून आहे का?” प्रश्न प्रामाणिक आहे. सरकारने सांगितले म्हणून धर्म बदलावा असे कोणासही वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून ह्या लेखात प्रथम ग्रंथांकडे पाहू व नंतर घरातल्या घंगाळाकडे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात भगवंतांनी उद्धवास पूजाविधी सांगितला आहे. तेथे मूर्तीचे आठ प्रकार येतात. शिळेची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्ररूप, वाळूची, मनोमय आणि रत्नांची. आमच्या एका तरुण श्रोत्याने हा संदर्भ शोधून काढला आणि विचारले, “लेपाची म्हणजे प्लास्टरचीच नाही का?” आम्हांला त्याचे कौतुकच वाटले, कारण वाद घालण्यासाठी का होईना, त्याने ग्रंथ उघडला होता. परंतु त्या शब्दाचा अर्थ टीकाकार माती, चंदन आदींची मूर्ती असा करतात. त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की अशा मूर्तीस प्रत्यक्ष स्नान घालू नये, केवळ मार्जन करावे. कारण उघड आहे. स्नान घातले तर ती विरघळेल! आजही आपण चतुर्थीच्या पूजेत पंचामृत मूर्तीवर ओतीत नाही. फुलाने वा दूर्वांकुराने शिंपडतो, आणि अभिषेक करावयाचा तो सुपारीवर किंवा देव्हाऱ्यातील धातूच्या गणपतीवर करतो. म्हणजे मूर्ती पाण्यात विरघळणारी आहे, असे पूजाविधी गृहीत धरूनच रचलेला आहे. ज्या मूर्तीवर घागरभर पाणी ओतले तरी ढळत नाही, तिच्यापुढे हा सारा जपून केलेला उपचार निरर्थक ठरतो.

येथे आमच्या गावचीच एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून उत्खनन झाले. त्यात ताम्रपाषाण काळातील मातीची रंगीत भांडी निघाली. तीन हजारांहून अधिक वर्षे ती जमिनीत होती, नदीच्या कुशीत होती, तरी विरघळली नाहीत, कारण ती भाजलेली होती. आमच्या पूर्वजांना मातीचे हे दोन्ही गुण ठाऊक होते. पाणी साठवावयाचे असेल तर माती भाजावी, देव जावयाचा असेल तर कच्ची ठेवावी. रांजण भट्टीत आणि गणपती सावलीत वाळवावा, हा भेद काही अज्ञानातून झालेला नाही.

आता प्लास्टरविषयी. काही मूर्तिकार म्हणतात की जिप्सम हाही खाणीतून, म्हणजे पृथ्वीतूनच येतो, मग तो पार्थिव कसा नव्हे? शब्दार्थाने पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही. जिप्सम तापविला म्हणजे त्यातील बरेचसे पाणी उडून जाते व पांढरी भुकटी उरते. तीत पुन्हा पाणी मिसळले की ती परत घट्ट जिप्सम होते. परंतु हा दगड पाण्यात विरघळतो किती? लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. घरातील मूर्ती तीन किलोची धरली तर ती पुरी विरघळण्यास पंधराशे लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या शंभर बादल्या लागतील, आणि तेही तिच्यावर तैलरंगाचे कवच नसेल तर! म्हणून आमचे म्हणणे असे की पार्थिवाची कसोटी ‘कोठून आले’ एवढ्यावर थांबत नाही, ‘परत जाते का’ येथपर्यंत ती न्यावी लागते. व्रतग्रंथांनी ऐपतीप्रमाणे सोन्यारुप्याच्या मूर्तीचीही मुभा दिली आहे, परंतु सोन्याचा गणपती कोणी नदीत सोडीत नाही. तो देव्हाऱ्यात राहतो किंवा दान दिला जातो. सोडावयाचा तो मातीचा.

आमच्या बालपणी गावचा कुंभार चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती घरी आणून देत असे. सोवळ्याने पाट पुढे करावयाचा, मूर्ती घ्यावयाची, आणि त्याच्या पदरी शिधा, नारळ व दक्षिणा घालावयाची. मूर्ती एवढी लहान असे की घरातील आठ-दहा वर्षांचे पोरही ती पाटावरून नेऊ शके. रंग म्हणजे गेरू, चुना, हळद आणि काजळ. सोंड जराशी वाकडी झाली तर कोणी मूर्ती परत करीत नसे. पुढे लोकांना मूर्ती चकचकीत हव्या झाल्या, उंच हव्या झाल्या. शाडू जड, नाजूक, वाळण्यास वेळखाऊ. प्लास्टर हलके, साच्यातून भराभर निघणारे. आज नगर शहरात आणि आसपास गणेशमूर्तींचे कितीतरी कारखाने आहेत व त्यांच्यावर शेकडो घरांच्या चुली पेटतात. त्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांनी तेच केले जे आपण मागितले. गिऱ्हाइकाने जानेवारीतच जाऊन ‘मातीची, नऊ इंचांची, गेरूची’ अशी मागणी नोंदविली तर तोच कारागीर तीही करून देतो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बाजारात गेल्यावर मात्र निवडीला काही उरत नाही.

(शाडूविषयीही एक लक्षात ठेवावे. ही माती बहुतांशी गुजरातेतून येते. तिचा आग्रहच धरण्याचे कारण नाही. शेतातली वा तळ्यातली चिकण माती चाळून, भिजवून, मळून घेतली तर तिचीही मूर्ती होते. जरा काळसर होते, इतकेच. विठोबा काळाच आहे!)

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. रतनवाडीच्या अमृतेश्वराला नमस्कार करून ती भंडारदऱ्याच्या जलाशयात येते, अकोले, संगमनेर अशी गावे पाजीत नेवाशास पोहोचते आणि प्रवरासंगमास गोदावरीच्या कुशीत शिरते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. आमच्या नेवाशात तर मोहिनीराजाचे मंदिर. मोहिनीरूप घेऊन भगवंतांनी देवांना अमृत वाढले ते येथेच, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैसाच्या खांबाला टेकून गीतेचे विवरण केले तेही ह्याच गावात, शके १२१२ मध्ये. अशा नदीच्या काठी अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे स्नानास गेलेल्या माणसास काय दिसते, हे नदीकाठच्या कोणत्याही गावच्या माणसाला सांगावयास नको. ज्या हातांना आपण काल मोदक दाखविला ते हात गाळात रुतलेले. मुकुट एकीकडे, सोंड दुसरीकडे. कावळे बसलेले. मूर्तिभंजकाने केले तर आपण गाव पेटवू असे ते दृश्य, आणि ते आपल्याच भक्तीने घडविलेले!

आणि नदी तेथे संपत नाही. प्रवरासंगमाच्या पुढे नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय पसरलेला आहे. पैठणचे ते धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी आज छत्रपती संभाजीनगर पिते. आपण संगमावर जे सोडतो ते कोणाच्या तरी तांब्याकडे निघालेले असते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाने पाण्यात काय टाकू नये याची यादी आली आहे. मलमूत्र, थुंकी, रक्त यांच्या जोडीला तेथे विषाचाही स्पष्ट उल्लेख आहे. स्वस्त चकचकीत रंगांत शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे धातू असू शकतात, ही गोष्ट स्मृतिकारांना ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु विष पाण्यात घालू नये हे त्यांनी सांगून ठेवले आहे.

कायद्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तीविषयी गावोगाव गैरसमज आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० रोजी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन परवानगीवाचून करता येणार नाही असे बजावले. त्याच वर्षी जुलैत सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरमूर्ती कृत्रिम हौदांतच विसर्जित कराव्यात, अशी अट घातली गेली. घरगुती मूर्ती सहा फुटांची नसते, तेव्हा गृहस्थापुरता निवाडा स्पष्ट आहे. तथापि पोलिसांच्या भीतीने केलेले विसर्जन आम्हांला रुचत नाही. ते मनाने पटून व्हावे.

आमच्या घरी ते मनाने पटण्यास दोन वर्षे लागली. मातीची मूर्ती पहिल्यापासून होतीच, पण नदीचा घाट सोडून घरी विसर्जन करावे, हे सूनबाईंनी सुचविले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ते साफ नाकारले. “न्हाणीघरातल्या बादलीत गणपती? ह्या घरात नाही.” त्यांचा आक्षेप आम्हांस शास्त्रार्थाने खोडता आला असता, परंतु तो शास्त्राचा नव्हताच. तो बादलीचा होता. ज्या बादलीत धुणे बुडते तीत देव बुडवू नये, ही भावना काय चूक आहे? पुढल्या वर्षी सूनबाईंनीच तोड काढली. माळ्यावर पडलेले, सासूबाईंच्या सासूबाईंचे तांब्याचे घंगाळ त्यांनी खाली उतरविले, चिंचेने घासून लख्ख केले, अंगणात रांगोळी काढून मधोमध ठेवले आणि प्रवरेची एक कळशी आणून त्यात ओतली. उरलेले पाणी आडाचे. सौभाग्यवतींनी घंगाळाला हळदकुंकू वाहिले. मग त्यांची हरकत उरली नाही.

परंतु खरी अडचण त्यापुढे आली, आणि तिचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. नदीवर मूर्ती पाण्यात गेली की दिसेनाशी होते. मोरयाचा गजर करीत माणूस पाठ फिरवतो, रिकामा पाट घेऊन घरी येतो. घंगाळात तसे होत नाही. तेथे देव समोरच असतो. प्रथम बुडबुडे आले, मग पाण्यात गेरूचा तांबूस ढग उठला, मग कान ढळले. आमचा पाच वर्षांचा नातू टक लावून पाहत होता. सोंड गळून पडली तेव्हा त्याने हंबरडा फोडला. “आजोबा, बाप्पाला बाहेर काढा!” आम्ही चाळीस वर्षे व्यासपीठावरून देहाच्या नश्वरतेवर बोलत आलो. त्या मुलापुढे काय बोलावे ते चटकन सुचेना. शेवटी त्याच्या आजीने त्यास मांडीवर घेतले आणि सांगितले, “बाप्पा निघून गेला रे, कधीच. दुपारी अक्षता टाकल्या ना, तेव्हाच. हे त्याचे मातीचे घर आहे. माणूस गेल्यावर घर पडतेच की नाही?” उत्तरपूजेचा अर्थ याहून नेमका आम्हांलाही सांगता आला नसता. अक्षता टाकून मूर्ती किंचित हलविली की आवाहन केलेले देवत्व उद्वासित होते. पाण्यात जाते ती माती. ती नदीत गेली काय, तळ्यात गेली काय आणि घंगाळात गेली काय, विधी पुरा झालेला असतो. नातू झोपी गेला. सकाळी तळाशी बोटभर जाड गाळ बसला होता व वर नितळ पाणी होते.

ज्यांच्या घरी यंदा प्लास्टरची मूर्ती आलीच असेल त्यांनी खिन्न होऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय दाखवून दिला आहे आणि पुणे महानगरपालिकेने २०१६ पासून त्याचा प्रसारही केला. मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात कालवून त्यात मूर्ती सोडावयाची, अधूनमधून काठीने ढवळावयाचे. साधारण दोन दिवसांत प्लास्टर फुटते. खाली चुनखडीसारखा साका बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते, जे शेतकरी खत म्हणून वापरतो. हे पाणी पुष्कळ पातळ करून झाडांना घालता येते. भांडे उघड्यावर, मोकळ्या हवेत ठेवावे, कारण उग्र वास येतो. झाकण घट्ट लावू नये, आतून वायू निघत असतो. आणि स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा यासाठी वापरू नये. त्याने उतरणारे क्षार झाडांना मानवत नाहीत. मूर्तीचे दागिने, कापड, खडे आधी काढून ठेवावेत. उरलेले रंगाचे पापुद्रे वेगळे करून केरात द्यावेत, बागेत नव्हे.

रंगावरून आठवले. गणपतीला शेंदूर प्रिय, हे खरे. अमरकोशात शेंदराला ‘नागसंभव’ म्हटले आहे आणि नाग म्हणजे शिसे. पारंपरिक शेंदूर शिशापासूनच होतो. पाषाणाच्या स्वयंभू मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदूर पाण्यात जात नाही, तेथे तो शोभतो. विसर्जनाच्या मूर्तीला मात्र गेरूच बरा. पूजेत वाहिलेला चिमूटभर शेंदूर मूर्ती उचलण्यापूर्वी कागदात काढून घ्यावा, लहान मुलांचे हात त्याला लागू देऊ नयेत.

निर्माल्याच्या बाबतीत आपल्या लोकांची भक्ती आणि आळस यांची मोठी गमतीची सरमिसळ झालेली आहे. देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, एवढाच निर्माल्यविसर्जनाचा हेतू. त्यासाठी आपण ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतो, पिशवीला गाठ मारतो आणि पुलावरून, गाडी न थांबविता, नदीत भिरकावतो. त्या पिशवीत उदबत्तीची वेष्टने असतात, कापराच्या डब्या असतात. फुले सडतात ती पाण्यातील प्राणवायू खाऊन, आणि त्या प्राणवायूवर मासे जगत असतात. अहिल्यादेवींच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो. जामखेड तालुक्यातील चोंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या त्या साध्वीने सिद्धटेकचे मंदिर उभविले आणि भारतभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या. जिल्ह्यातील जुन्या बारवांत डोकावून पाहा. निम्म्यांत पाण्याऐवजी निर्माल्याच्या पिशव्या दिसतील.

घरचे निर्माल्य घरीच जिरविणे अवघड नाही. एक फुटका माठ किंवा तळाला भोके असलेली मोठी कुंडी घ्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर मूठ-मूठ माती व निर्माल्याचे थर. हारांचे दोरे मात्र आधी काढावेत. पूर्वी हार केळीच्या दोऱ्यात ओवीत, आता नायलॉन असतो, आणि तो तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत तसाच राहील. ओल राखली, पाणी साचू दिले नाही, तर दोन-तीन महिन्यांत भुसभुशीत काळे खत होते. दहा दिवसांच्या उत्सवाचे निर्माल्य एका माठात मावते, हे आमच्या घरचे प्रमाण आहे.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. कित्येक घरांत निर्माल्य पुण्य म्हणून गाईपुढे ठेवतात. दूर्वा, फुले ठीक, परंतु गणेशाच्या एकवीस पत्रींत कण्हेर आहे, धोत्रा आहे, रुई आहे. ही सारी गुरांना विषारी. कण्हेर तर थोडीही घातक. पुण्य करावयास जावे आणि गोहत्येचे पाप पदरी यावे, असे होऊ नये.

पत्रीचाही विचार करण्याजोगा आहे. शमी, माका, बेल, बोर, आघाडा, डोर्ली, अर्जुन, विष्णुक्रांता, हादगा, मरवा, डाळिंब... ही नावे म्हणजे भाद्रपदातल्या आपल्या बांधाचे आणि ओढ्याचे वर्णनच आहे. वर्षातून एकदा घरातल्या पोरांनी बांधावर जावे, आघाडा कोणता आणि माका कोणता ते ओळखावे, ह्यासाठीच जणू ही योजना. आता आपण बाजारातून वीस रुपयांची जुडी आणतो. तिच्यात दोन-चार खरी पाने, बाकी कोणत्याही झुडपाचा पाला. एकवीस पत्रींत देवदारही आहे. तो हिमालयात, आमच्या नगर जिल्ह्यात कोठून यावा? म्हणून पूजाशास्त्राने फार शहाणपणाची सोय करून ठेवली आहे. जे मिळाले नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात. देवदाराच्या नावाने कोणाची तरी फांदी तोडण्यापेक्षा चार अक्षता बऱ्या. आणि जे मिळते त्याचेही एकेक पान पुरे, डहाळी नको. अंगणात एक शमी आणि एक हादगा लावला तर पुढल्या वर्षीपासून निम्मी चिंता मिटते. हादग्याच्या फुलांची भाजीही होते.

मखराविषयी काय सांगावे! महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, तरी ते पांढरे महाल अजून कोठे ना कोठे दिसतातच. केळीचे खांब, आंब्याचे टाळे, आजीची पैठणी हे मखर ज्या घराला जुनाट वाटते त्या घराविषयी आम्ही काही बोलू इच्छीत नाही. पंगतीस पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर उत्तम, न मिळाल्या तर घरची ताटे घासावी.

हे सारे बोलल्याने सर्वांचे समाधान होते असे नाही. एका गावी उत्सव मंडळापुढे कीर्तन होते. पूर्वरंगात आम्ही पार्थिव शब्दाचे विवरण केले. समोर बारा फुटांची मूर्ती होती. मंडळी गप्प ऐकत होती, बुक्का लावला, बिदागीही मिळाली, पण नंतर एका कार्यकर्त्याने बाजूस घेऊन म्हटले, “बुवा, आख्यान तेवढे करावे. मूर्तीचे आमचे आम्ही बघू.” पुढील वर्षी त्या गावचे निमंत्रण आले नाही. अजून आलेले नाही. कीर्तनावर ज्याचे घर चालते त्याला निमंत्रणांची मोजदाद ठेवावी लागते, तशी आम्हीही ठेवतो. मात्र त्याच गावातील तीन-चार घरांतून मातीची मूर्ती कोठे मिळेल अशी विचारणा दरवर्षी येते, तीही आम्ही मोजतो.

आमच्या जिल्ह्याला हे शिकविण्यासाठी कोणी परक्याने येण्याची गरज नाही. १९७५ मध्ये अण्णा हजारे राळेगणसिद्धीस परतले तेव्हा त्यांनी पहिल्याने यादवबाबांचे पडके मंदिर उभे केले. पाणी अडविण्याची कामे त्या मंदिराच्या ओट्यावरून निघाली. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पावसाळा संपल्यावर गावाच्या पाण्याचा हिशेब मांडतात आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवतात. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या मडक्यांतून गावरान बियाणे राखले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसल्या व हजारो भक्तांचा भात त्या वाफेवर शिजला. आमचा जिल्हा पर्जन्यछायेचा. २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावण्यांत दावणीला उभी असलेली जनावरे ज्यांनी पाहिली त्यांना पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तीच माणसे भाद्रपदात नदीला पूर आला की ते विसरतात, हीच काय ती तक्रार.

शेवटी, पत्राने व प्रत्यक्ष वारंवार विचारल्या जाणाऱ्या दोन-तीन शंका.

विसर्जनाचे पाणी तुळशीस घालावे का, असे विचारतात. गणपतीला तुळस वर्ज्य मानतात, केवळ चतुर्थीच्या पत्रीपूजनात ती वाहतात. म्हणून ज्यांच्या मनास रुखरुख वाटेल त्यांनी ते पाणी जास्वंद, शमी, आंबा अशा झाडांच्या बुंध्याशी घालावे. मोरीत मात्र सोडू नये.

फ्लॅटमध्ये अंगण नाही, घंगाळ नाही, मग कसे? नवी कोरी बादली किंवा मोठे पातेले घ्यावे, ते केवळ याच कामासाठी वर्षभर वेगळे ठेवावे. मूर्ती बुडेल एवढे पाणी पुरे. एका इमारतीतील चार कुटुंबांनी मिळून एक पिंप ठेवला तर आरतीलाही रंग येतो.

गौरी मुखवट्यांच्या असोत वा खड्यांच्या, त्यांना ही अडचण मुळातच नाही. मुखवटे पुन्हा पेटीत जातात आणि खडे नदीचे नदीला.

आणि तळाशी बसलेल्या गाळाचे काय करावे? पुढल्या वर्षी त्याच मातीची मूर्ती केली तर दोष लागतो काय? लागत नाही. उद्वासनानंतर ती माती केवळ माती असते. विसर्जन करून येताना नदीकाठची मूठभर वाळू पाटावर घालून घरी आणण्याची आपली जुनी चाल आहे, तिच्याशी हे सुसंगतच आहे. गाळ सुती फडक्यातून गाळावा, सावलीत वाळवावा, कुटून डब्यात भरून ठेवावा. आमच्या घरचा डबा स्वयंपाकघराच्या फडताळात वरच्या फळीवर आहे. माती दरवर्षी थोडी घटते. ती भरून काढण्यासाठी आषाढात शेताच्या बांधावरची दोन ओंजळी चिकण माती त्यात मिळवतो. मळण्याचे काम नातवाकडे असते.